मिरीचा वास

तापातून उठल्यावर बरेच दिवस नाक बधिर होतं. फोडणी कानाला कळायची, नाकाला नाही. त्याच सुमारास नाशिकला मावसभावाकडे गेले आणि गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत आम्ही बसलो. फेब्रुवारीतली द्राक्षांची तोडणी चालू होती. युरोपात ती साधारण शरदात होते. आपल्याकडे पावसाळा टळावा म्हणून जानेवारी ते मार्च.

शेनिन ब्लां या व्हाइट वाइनचा घोट घेतला, तर नुसता आंबटसर गारवा. शिराझ या रेड वाइनचा घेतला, तर नुसता तुरटपणा, जांभळासारखा हिरड्या आवळणारा. रेड वाइन सालींसकट आंबवतात, त्यातून रंग आणि तुरटपणा देणारं टॅनिन उतरतं. व्हाइटचा रस आधीच सालींपासून वेगळा काढतात. हे वाचून ठाऊक होतं. पण सुगंध नसताना वाइनचा तो सांगाडा थेट जिभेवर आला आणि मला मनापासून आवडला. फळाफुलांची नावं घेण्याच्या नादात त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

शिराझ जरा जास्तच गार होती. ग्लास तळव्यात धरून बसले. ऊब लागली तशी ती सैल होत गेली आणि एकाएकी मिरीचा वास आला. क्षणभरच, पण स्पष्ट. शिराझमध्ये आणि काळ्या मिरीत रोटंडोन नावाचं एकच द्रव्य असतं, आणि सुमारे २०% माणसांना त्याचा वास येतच नाही.

मावसभावाने पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. त्याला काही येईना. "कसा असतो गं तो वास?" त्याने विचारलं. मला अजून नीट सांगता आलेलं नाही.