आरशाचा मालक

परकी मालकी म्हटली की आमची कुर्डुवाडी दचकत नाही. ज्या गावची आगगाडीच सत्तावन्न वर्षे विलायती कंपनीच्या मालकीची होती, त्या गावाने टीव्हीचा किंवा वर्तमानपत्राचा मालक परदेशी आहे हे ऐकून घाबरावे तरी कशाला? बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी १८९५ साली लंडनमध्ये झाली आणि १८९७ साली तिची अडीच फुटी रुळांवरची गाडी येथून बार्शीकडे धावू लागली. आमच्या स्टेशनाचे नावही तेव्हा 'बार्शी रोड' असे होते. १९०६ साली हे रूळ पंढरपूरला पोचले, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. १९५४ साली भारत सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. तोवर वारकऱ्याने कनवटीचे पैसे सोडून तिकीट काढावे आणि त्यातला नफा लंडनच्या भागधारकांनी मोजावा, असा क्रम चालू होता. विठोबाने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

ही गाडी उभारणारे इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्र्या तयार करू लागले. आमच्या गाडीतून उडी मारायला मात्र छत्रीची गरज कधीच पडली नाही. पुढच्या डब्यातून उतरावे, बांधावरची बोरे खिशात भरावीत आणि मागच्या डब्यात चढावे, असा तिचा वेग होता, असे जुनी माणसे सांगतात.

आमच्या आळीत रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. लहानथोर सारे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांचे वडील कंपनीच्या अमदानीतले. आण्णांचे एक वाक्य ठरलेले आहे : "मास्तर, इंजन विंग्रजाचं होतं, पण शिट्टी आमचा बाप वाजवायचा!"

या वाक्याची मला हल्ली रोज संध्याकाळी आठवण होते, ती टीव्हीमुळे. साडेसात वाजले की आमच्या घरी 'स्टार प्रवाह' लागतो आणि पुढले दोन तास घरातल्या मंडळींना माझी गरज उरत नाही. एकदा मी या वाहिनीचे कुलगोत्र सांगायचा प्रयत्न केला. म्हटले, "हे स्टारचं घराणं १९९१ साली हाँगकाँगला जन्मलं. १९९३ साली ते रुपर्ट मरडॉक नावाच्या गृहस्थांनी घेतलं. त्यांनी २००८ साली ही मराठी वाहिनी काढली. २०१९ साली ती मिकी माऊसवाल्या डिस्नेकडे गेली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात रिलायन्सबरोबर भागीदारी झाली. तरी डिस्नेचा सुमारे सदतीस टक्के वाटा—"

"अहो," सौभाग्यवती पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मालक कोण का असेना, त्या पोरीला सासूनं घराबाहेर काढलंय, ते आधी बघा!"

मी बघितले. सून नऊवारी नेसून तुळशीपाशी रडत होती. हाँगकाँग, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि मुंबई असा प्रवास झाला, पण तुळस जागची हललेली नाही. मालक परका असला की तो आपले आचार बुडवील, असे भय आपण बाळगतो. येथे तर मालकाने आपले हळदीकुंकू आपल्यालाच मासिक वर्गणीने विकले.

बातम्यांच्या धंद्यात मात्र सरकारने सोवळे जरा कडक ठेवले. १९५५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ठराव केला की वर्तमानपत्रांत परकी भांडवल नको. ते दार २००२ साली किलकिले झाले, तेही सव्वीस टक्क्यांपुरते. पुढे बातम्यांच्या वाहिन्यांनाही तोच दंडक लागला आणि स्टारला देशी जोडीदार शोधावा लागला. तो मिळाला कोलकात्याच्या आनंदबाजार समूहात. या जोडप्याच्या पोटी २००७ साली 'स्टार माझा' जन्मली. २०१२ साली फारकत झाली, स्टार नाव गेले आणि वाहिनी 'एबीपी माझा' झाली. म्हणजे आनंदबाजार पत्रिका या बंगाली वर्तमानपत्राची आद्याक्षरे आमच्या माजघरात आली. 'माझा' तेवढे कायम राहिले. माझा म्हणजे कोणाचा, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

आणि हे सोवळे काही आपणच पाळतो असे नाही. मरडॉकसाहेब मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अमेरिकेत टीव्ही केंद्रे विकत घ्यायची तर तिथला कायदा परक्याला आडवा येत होता. म्हणून १९८५ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. जावई घरजावई झाला की परका राहत नाही, हा न्याय सर्वत्र एकच दिसतो.

तेव्हा मालकाची जात, गोत्र आणि पासपोर्ट यांचा मी फार दिवस विचार केला. पण मालकाचा पत्ता लागला म्हणून आपले चित्र कोण काढतो याचा पत्ता लागतोच असे नाही. २०१४ च्या सप्टेंबरात भारताचे यान मंगळाभोवती पोचले. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने एक व्यंगचित्र छापले. 'एलिट स्पेस क्लब' अशी पाटी असलेल्या खोलीत कोटवाले साहेब बसले आहेत आणि फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतो आहे! गदारोळ उठला, आणि ऑक्टोबरात त्या पत्राने माफी मागितली. पत्र अमेरिकेचे खरे, पण चित्रकार हेंग किम सोंग सिंगापूरचे, म्हणजे आपल्याच आशिया खंडातले. त्यांच्या हातूनही गायच उतरली.

दुसरे उदाहरण २०२३ च्या एप्रिलमधले. लोकसंख्येत भारत चीनच्या पुढे चालला, म्हणून 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने चित्र काढले. एका रुळावर चीनची चकचकीत गाडी आणि शेजारून टपावरदेखील माणसे लादलेली, तिरंगा फडकवणारी भारताची जुनाट गाडी. या साप्ताहिकात निम्म्याहून थोडा अधिक वाटा तिथल्या नोकरवर्गाचाच आहे. म्हणजे दुष्ट भांडवलदार हे ठरलेले पात्रही येथे हाताशी लागत नाही!

हे चित्र आमच्या गावात मोबाईलवरून हिंडले, तेव्हा तरुण मंडळी फार रागावली. आण्णांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले. म्हणाले, "आषाढीला आमची गाडी अशीच भरायची की! यात खोटं काही न्हाई. पर मास्तर, ती गाडी बंद पडून ब्रॉडगेज झालं, हे त्या लोकांना कुणी कळवलं न्हाई का?"

साच्याचे मर्म इतक्या थोडक्यात मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. साच्यातले चित्र बहुधा खोटे नसते. ते शिळे असते. एकदा पाहिलेले चित्र पुन्हा तपासून बघण्याचा कंटाळा, हेच त्याचे भांडवल. त्याला देशी किंवा परदेशी अशी टक्केवारी नसते.

नाहीतर आमच्या सोलापूर जिल्ह्याची आमच्याच मराठी पडद्यावर अशी अवस्था का व्हावी? चैत्र-वैशाखात भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हातारा. आषाढात टाळ-मृदंग. दिवाळीनंतर उसाच्या दराचे आंदोलन. एरवी जिल्हा नाही. एका उन्हाळ्यात एका वाहिनीची मंडळी शिवारात आली होती. बांधावरच्या म्हाताऱ्याला त्यांचा बातमीदार मोठ्या अदबीने म्हणाला, "आजोबा, मोबाईल जरा खिशात ठेवता का?" म्हातारा म्हणाला, "का? दुष्काळात रेंज नसती व्हय?" हे वाक्य काही बातमीत आले नाही.

शाळेत तर मला याचे पीक दर वर्षी कापावे लागते. 'माझे गाव' हा निबंध घातला की चाळीसपैकी तीस वह्यांत नदी खळखळ वाहते. कुर्डुवाडीला नदी नाही. भीमा एका अंगाला दूर, सीना दुसऱ्या अंगाला दूर. गावात आहे ते जंक्शन. परंतु गाईडात नदी आहे, म्हणून मुलांच्या गावातही नदी आहे. रात्री ज्यांच्या उशाशी गाड्यांचे डबे खडखडतात, त्या पोरांना निबंधात पाखरांची किलबिल ऐकू येते. आपलेच गाव परक्या डोळ्यांनी बघण्याची सवय इतक्या लहानपणी लागते, याचे मला त्या दोन व्यंगचित्रांपेक्षा अधिक वाईट वाटते.

यावर तोडगा म्हणून गेल्या वर्षी मी भित्तिपत्रकाचा घाट घातला. ६ जानेवारी हा पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले. एका बाजूला मराठी मजकूर, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. 'श्पीगेल' या जर्मन शब्दाचा अर्थही आरसाच. पण बाळशास्त्र्यांच्या आरशात राज्यकर्ता आणि रयत या दोघांनी डोकावायचे होते. मी मुलांना म्हटले, "परदेशी बातमीदार आपली बातमी जशी लिहील, तशी तुम्ही लंडनची लिहा."

सातवीच्या पोरांनी लेखणी अशी उचलली की मी बघत राहिलो. त्यातली एक बातमी देतो :

"लंडन, आमच्या बातमीदाराकडून. थेम्स नदीकाठी वसलेल्या या पुरातन गावात अद्याप राजा आहे. २०२३ च्या मे महिन्यात त्याला सोन्याच्या गाडीतून मिरवले. राज्याभिषेकाच्या वेळी पुजाऱ्याने त्याला तेल लावले, परंतु उटणे लावून ऊन पाण्याने आंघोळ घातली नाही. सिंहासनाखाली एक पवित्र दगड ठेवतात. त्याला शेंदूर फासलेला नाही. पहारेकरी अस्वलाच्या कातड्याच्या टोप्या घालतात. लोक दिवसभर पावसाविषयी बोलतात, मात्र पेरणी करताना कोणी दिसले नाही."

आण्णा शाळेच्या कुंपणाबाहेरून ही बातमी ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. वाक्य न् वाक्य खरे, आणि चित्र मात्र साफ वाकडे! साचा कसा तयार होतो, हे मुलांना एका तासात समजले.

निदान मला तसे वाटले. तेवढ्यात एका हुशार मुलाने पुढची बातमी माझ्या टेबलावर ठेवली. "ऊसतोडवाल्यांची मुले शाळेत झोपा काढतात. त्यांना अभ्यासाची गोडी नसते. ती अस्वच्छ राहतात."

दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या पडतात आणि त्यांची काही मुले हंगामापुरती आमच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसतात. त्या दिवशीही त्यातली एक मुलगी मागे बसली होती.

मी कागद बाजूला घेऊन त्या मुलाला हळूच विचारले, "तू कोपीत गेला आहेस का?"

"नाही, गुरुजी."

"मग जाऊन ये. लंडनला जाण्यापेक्षा जवळ आहे."

तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आपला कागद मुकाट्याने परत मागितला आणि नवी बातमी दिली : "आईबाप पहाटे फडावर जातात. त्याआधी तीनला उठून भाकऱ्या थापाव्या लागतात. नंतर धाकट्या भावाला सांभाळावे लागते. म्हणून झोप येते." एवढेच. कोणाच्या गोडीविषयी त्यात एक शब्द नव्हता.

आणि त्या मुलीलाही मी कागद दिला. "तू आमच्या गावाची बातमी लिही," म्हटले. तिने पेन्सिलीने लिहिले ते जसेच्या तसे भिंतीवर लागले :

"कुर्डुवाडी. येथील लोक पक्क्या घरात राहतात. नळाला पाणी आले की मोटर लावण्यावरून भांडतात. मुलांना उठवायला आई लागते. ही माणसे बाराही महिने एकाच गावात असतात, तरी आमचे नाव विचारीत नाहीत. आम्हाला बाहेरचे म्हणतात. चहात साखर मात्र दोन चमचे घालतात."

त्या बातमीपुढे मधल्या सुट्टीत जी गर्दी झाली, ती लंडनच्या राजाला लाभली नाही. काही मुले हसली, काही गप्प झाली. दोघींनी मात्र तिच्याजवळ जाऊन तिचे नाव विचारले.

शेवटी तळची ओळ लिहायची राहिली होती. वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापलीच पाहिजेत, असा कायदा इंग्रजांनी १८६७ साली केला होता, हे मी वर्गात सांगितले. मुलांनी उत्साहाने लिहिले : "मुद्रक : सातवीचा वर्ग. प्रकाशक : शाळेची भिंत." 'मालक' या शब्दापाशी घोडे अडले. कोणी म्हणे शाळा, कोणी म्हणे गुरुजी. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "गुरुजी, भिंत शाळेची हाय, कागद तुमचा, पेन्सिल माझी. मग मालक कोण?"

उत्तर कोणालाच आले नाही. मार्चअखेर फड संपले, टोळ्या परतल्या, तीही गेली. भित्तिपत्रक अजून निघते. मालकाची जागा मुले कोरी सोडतात. तपासायला अद्याप कोणी आलेले नाही.