आमचा ट्रॅक्टर धुवावा का?

आमच्या घरी एक लाल ट्रॅक्टर आहे. तो जुना आहे. आण्णांनी तो कर्ज काढून घेतला. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आण्णा त्याने आमचे रान नांगरतात आणि लोकांचेही भाड्याने नांगरतात. आई म्हणते, ट्रॅक्टर उभा राहिला की आपली चूल थंड.

ट्रॅक्टर धुण्यावरून आमच्या घरात नेहमी वाद होतो. आजी म्हणते, "बैल होते तवा तुझा आजा त्यांना बेंदराला न्हाऊ घालायचा. ह्यो बी आपला बैलच हाय." आण्णा म्हणतात, "उद्या परत चिखलातच जायचाय. धुऊन काय करायचं?" आई म्हणते, "आधी म्हशीला पाणी, मग ट्रॅक्टरला." उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी कमी असते. त्यामुळे आईचेही खरे आहे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी चार दिवस आण्णा संध्याकाळी रानातून आले. ते हातपाय धुवायला गेले. मी मोटार चालू करून पाइप लावला आणि ट्रॅक्टरवर सगळीकडे पाणी मारले. बॅटरीवर पण मारले आणि सेल्फवर पण मारले. ट्रॅक्टर लखलखीत दिसू लागला. मला लई आनंद झाला. पण सकाळी सेल्फ लागेना. शेवटी चुलते आणि शेजारी आले. त्यांनी उतारावर ढकलला तेव्हा सुरू झाला. तोपर्यंत त्या दिवशीचे भाडे दुसऱ्याकडे गेले. आण्णा मला खूप रागावले. मी दुपारी जेवलो नाही.

खंडेनवमीला आण्णांनीच मला हाक मारली. म्हणाले, "ये, कसा धुवायचा ते बघ." इंजिन थंड होते. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर ते तडकू शकते. बॅटरीवर आम्ही प्लॅस्टिकचा कागद बांधला. पाइप लावला नाही. आधी खुरप्याने वाळलेला चिखल काढला आणि मग फक्त चार बादल्या पाणी वापरले. रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकला होता, तो ब्रशने काढला. भुसा अडकला की वारा लागत नाही आणि इंजिन तापते.

मी डाव्या मोठ्या चाकाचा चिखल काढत होतो. चाकाला आठ नट असतात. मी मोजले तर सातच भरले. परत मोजले, तरी सातच. त्यातले दोन तर हातानेच फिरत होते. मी आण्णांना दाखवले. आण्णा एकदम गप्प झाले. आदल्याच दिवशी त्यांनी आजीला आणि माझ्या धाकट्या बहिणीला ट्रॉलीत बसवून रानातून आणले होते.

आण्णांनी पान्याने सगळे नट आवळले. तालुक्याहून नवा नट आणून बसवला. तोपर्यंत ट्रॅक्टर दारातच उभा ठेवला. पाण्याने ग्रीस निघून जाते, म्हणून धुतल्यावर ग्रीसही भरले. मग आजीने पूजा केली.

मला वाटते, नुसता चमकायला ट्रॅक्टर रोज धुवू नये. पाणी वाया जाते. ओढ्यात तर धुवूच नये. त्याचे तेल पाण्यात जाते आणि तेच पाणी गुरे पितात. पण चिखल मात्र काढावा. चिखलाखाली काय आहे ते दिसत नाही.

आता मी दर रविवारी नट मोजतो. आठ भरले की आण्णांना सांगतो. मगच आण्णा चावी लावतात. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर तुम्ही पण मोजा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी