मशीन त्यांचं, अट माझी

मिक्सर घ्यायचा म्हटलं की आपण चार दुकानं फिरतो, शेजारणीला विचारतो, भांड्याचं पातं काढून बघतो. पण घरच्या धंद्यात एखादं मशीन यायचं असलं की म्हणतो, "ते पुरुषांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं!" मैत्रिणींनो, मीसुद्धा बारा वर्षं हेच म्हणत आले. सासरी फर्निचरचा कारखाना, तोही घराच्या मागच्याच अंगाला. पण सकाळचे शाळेतले तीन तास आटोपले की मी बरी आणि माझं घर बरं. गेल्या वर्षी मात्र आमच्याकडे एज सँडर घ्यायचं ठरलं आणि मला त्यात बोलावं लागलं. एक तर पैसे माझ्या पोस्टातल्या आवर्तक ठेवीचे होते. दुसरं कारण माझ्या धुण्याच्या बादलीत होतं. ते पुढे सांगते.

आम्ही बल्लारपूरचे. माझं माहेर आलापल्लीकडचं, म्हणजे आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. दोन्हीकडे सागवान म्हणजे घरचंच माणूस. २०२३ सालच्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आमच्या भागातलं सागवान गेलं, तेव्हा केवढी मिरवणूक निघाली होती! त्या लाकडाचा अभिमान आम्हाला आहेच. पण तेच लाकूड घासताना काय होतं, ते घासणाऱ्यालाच विचारावं.

रंधा मारला, जोड बसवला, तरी फळीच्या कडा हाताला लागतातच. त्या पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायच्या. दिवाळीच्या आधी पाट-चौरंगांची मागणी वाढली की मी आणि सासूबाईसुद्धा जेवणं उरकून घासायला बसत असू. चार पाट होईपर्यंत बोटांची सालं निघत. एका मिस्त्रीचा अख्खा दिवस एका कपाटाच्या कडांत जाई.

एज सँडर हेच काम करतं. पिठाच्या गिरणीचा पट्टा बघितलाय ना, दोन चाकांवर फिरणारा? तसाच पट्टा समजा, पण पॉलिश पेपरचा, खरखरीत अंग बाहेर असलेला आणि उभ्या कडेवर फिरणारा. त्याच्यासमोर लोखंडी टेबल. टेबलावर फळी ठेवायची, कड पट्ट्याला हलकेच टेकवायची, की अर्ध्या तासाचं काम दोन-तीन मिनिटांत होतं.

यांनी माहितीपत्रकं आणली. रात्री जेवताना तेवढाच विषय. इतके हॉर्सपॉवर, इतका रुंद पट्टा, इतकं वजन. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, घ्यायची तर मोठीच घ्या ना, पुन्हा पुन्हा थोडीच घेणं होते!" नागपूरच्या एका दुकानात तीन अश्वशक्तीचं, ९ इंची पट्ट्याचं मशीन यांच्या मनात भरलं. माझी ठेव नेमकी तेवढ्यालाच पुरत होती. मी म्हटलं, "पैसे माझे आहेत, तर मीही बघायला येते." हे हसले, पण घेऊन गेले.

दुकानदारानं मशीन चालू करून सागाची एक पट्टी घासून दाखवली. कड आरशासारखी झाली. यांचा चेहरा अगदी खुलला. मी निळ्या रंगाची साडी नेसले होते. पाच मिनिटांत खांद्यावर हळदीसारखी बारीक पूड बसली. मी विचारलं, "ही धूळ कुठे जाते?" दुकानदार म्हणाला, "बाई, लाकूडकाम म्हटलं की धूळ होणारच. दार उघडं ठेवायचं, वाऱ्यानं निघून जाते."

निघून कुठे जाते ते मला पक्कं माहीत होतं. ती माझ्या बादलीत येते! कारखान्यातले शर्ट भिजवले की पाणी चहासारखं होतं आणि तळाशी गाळ बसतो. बारा वर्षं मी तो गाळ ओतून देत होते. त्या दिवशी प्रथमच मनात आलं, की शर्टावर एवढी बसते तर छातीत किती जात असेल?

घरी आल्यावर मी वाचायला लागले. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव खुर्च्या आणि फर्निचरसाठी प्रसिद्ध. तिथं एस्मे हॅडफिल्ड नावाच्या बाई नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक होत्या. नाकाच्या आतल्या पोकळ्यांचा एक दुर्मिळ कर्करोग आपल्याकडे फर्निचर कामगारांतच वारंवार दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९६८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ती लाकडं तिकडची, बीच आणि ओकसारखी. पण पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ च्या अहवालात एकूणच लाकडाच्या धुळीला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत घातलं. हा आजार क्वचितच होतो, आणि तोही बहुधा वर्षानुवर्षं धुळीत काम केल्यावर. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण दमा, सर्दी, खोकला हे तर रोजचेच. सागाच्या धुळीनं कातडीला खाज सुटते, हेही सुतारांना ठाऊक असतं.

मी यांना सांगितलं, "मशीन लहान घ्या, पण धूळ ओढणारं यंत्र सोबत हवं. नाही तर ठेव मोडणार नाही." झालं! हे चिडले. "धूळ काय, झाडून काढता येते. मशीन एकदाच घ्यायचं असतं. पन्नास वर्षं हा कारखाना चाललाय, कोणाला काय झालं?"

मामाजी पलंगावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मले सागाचा वास येत नाही. किती वर्षं झाली, याद नाही."

आम्ही सगळे गप्प. ज्या माणसानं जन्मभर सागवान हाताळलं, त्याला सागाचा वास येत नाही! सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणूनच भाजी करपली तरी कधी बोलत नव्हते. मला वाटलं, स्वभाव गरीब." मग मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या आठवड्यात मामाजींना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. गंभीर काही निघालं नाही, देवाची कृपा. पण जुनी सूज आहे, धुळीत बसायचं नाही, असं बजावलं. त्यानंतर यांनी वाद घातला नाही. आम्ही ६ इंची पट्ट्याचं, दोन अश्वशक्तीचं मशीन घेतलं आणि उरलेल्या पैशांत धूळ ओढणारं यंत्र.

तुमच्या घरी किंवा भावाच्या कारखान्यात असं मशीन यायचं असेल, तर मला जे कळलं ते सांगते.

पहिलं, टेबल वरखाली होतं का, ते बघा. पाऊण इंची फळीला पट्ट्याची तेवढीच पट्टी लागते. सहाणेवर एकाच जागी गंध उगाळलं की तिथंच खळगा पडतो ना, तसंच पट्टा एकाच जागी झिजतो आणि बाकीचा कोरा राहून वाया जातो. टेबल हलवलं की सगळा पट्टा कामी येतो. काही मशीनमध्ये पट्टाच वरखाली हलतो. ते सोयीचं, पण महाग.

दुसरं, पट्ट्यामागची लोखंडी पाटी सपाट आहे का, ते पोलादी पट्टी लावून पाहा. दोन फळ्यांच्या कडा घासून एकमेकींना लावायच्या आणि उजेडाकडे धरायच्या. मधून उजेड दिसला तर त्या मशीनवर जोड बसणार नाही.

तिसरं, त्या मापाचे पट्टे जवळच्या शहरात मिळतात का, ते आधी विचारा. सागाला तेल असतं, त्यामुळे पट्टा लवकर भरतो. विरळ दाण्याचा पट्टा घ्यावा. भरलेला पट्टा फेकू नका. जुन्या चपलेच्या क्रेप रबराचा तुकडा चालत्या पट्ट्यावर हलकेच धरला की चिकटलेली भुकटी निघून येते. पावसाळ्यात पट्टे घडी करून ठेवू नयेत, कोरड्या जागी जाड दांडीवर टांगावेत.

चौथं आणि माझ्या मते पहिलंच, मशीनला धूळ ओढायचं तोंड असलं पाहिजे, आणि त्याला लावलेला पाइप आखूड व सरळ. पिशवीचं कापड कसं आहे तेही विचारा. रव्याच्या चाळणीतून मैदा गळतो, तशी जाड विणीच्या पिशवीतून खरी बारीक धूळ पुन्हा खोलीत येते, आणि छातीत तीच खोल जाते. दोन्ही यंत्रं एकदम चालणार, म्हणून विजेचा भार दोन्हींचा मिळून धरा. खिळा असलेलं लाकूड पट्ट्याला लावू नये. ठिणगी पाइपातून पिशवीत गेली तर आग लागते.

आणि त्या मशीनजवळ जाताना पदर खोचलेला, केस बांधलेले. हातमोजे मात्र नकोत, पट्टा ते ओढून घेतो.

सगळं आबादीआबाद झालं असं सांगणार नाही. रुंद दारं अजून हातानंच घासावी लागतात, आणि त्यावरून मला टोमणेही बसतात. पिशवी रिकामी करायचं काम कोणालाच आवडत नाही. नाकाला नुसता रुमाल पुरत नाही, म्हणून एन-९५ मास्क आणून ठेवले, तर मिस्त्री ते कपाळावर लावून फिरतात! पण मामाजी आता पुढच्या ओसरीत बसून फक्त हिशेब बघतात.

परवा शर्ट भिजवले तर पाणी अजून गढूळच झालं, पण तळचा गाळ निम्म्याहून कमी. मी यांना बोलावून बादली दाखवली. हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी कारखान्यातून आवाज आला, "आधी मास्क नाकावर, मग मशीन चालू!" मी कणीक मळता मळता ऐकलं, आणि पोस्टात नवीन खातं उघडायचं मनात पक्कं केलं.