आधी पूर्वज, मग भाषा

परकी भाषा रचायची म्हटलं की नवखा माणूस घशातून खरखरीत आवाज काढू लागतो. नाटकासाठी भाषा करायची असेल तर त्याचा उपयोग नाही. चार प्रयोगांत नटाचा घसा बसतो आणि खरखर मुकाट्याने साधा 'ख' होऊन बसते. मी ओळखीचेच वर्ण घेते आणि नको त्या जागी बसवते. 'ळ' आणि 'ण' आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत, पण आपले शब्द त्यांनी सुरू होत नाहीत. पात्राने 'ळामू' अशी हाक मारली की प्रेक्षागृहातले कान टवकारतात. 'ङ' तर आपण 'रंग' म्हणताना रोज उच्चारतो. आता 'ङाते' म्हणून बघा.

मग वगळावगळी. शाळेत पाठ केलेला वर्णमालेचा तक्ता इथे फार कामाचा आणि तितकाच घातक, कारण तो भरलेला बघायची आपल्याला सवय. क-वर्ग घेतला की ट-वर्गही पुरता घ्यावासा वाटतो. खऱ्या भाषा इतक्या चौकोनी नसतात. अरबीत 'ब' आहे, 'प' नाही. मार्क ओक्रँडने १९८४च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटासाठी क्लिंगॉन घडवली, तेव्हा मूर्धन्य 'ड' ठेवला आणि त्याचा जोडीदार 'ट' गाळला. 'अवतार'साठी नावी भाषा करताना पॉल फ्रॉमरने ब, द, ग यांनाच फाटा दिला. भाषेचा चेहरा अशा रिकाम्या घरांमुळे ओळखू येतो.

व्याकरणात मात्र नुसतं गाळून भागत नाही. तिथे वाकडेपणा लागतो आणि तो वरून चिकटवला की लगेच कळतो. आपलंच बघा. 'तिने आंबा खाल्ला', 'तिने पोळी खाल्ली': क्रियापद कर्तीला सोडून खाण्याच्या वस्तूमागे जातं. 'मी आंबा खाल्ला' म्हणताना तो 'ने'ही गायब. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. 'मया आम्रं खादितम्' ही कर्मणी रचना झिजत झिजत आपला भूतकाळ झाली. गावाकडच्या 'म्या खाल्ला'मध्ये तो 'मया' अजून ऐकू येतो.

म्हणून मी आधी पूर्वज करते. सरळ, नियमित, थोडी कंटाळवाणी अशी जुनी भाषा लिहायची आणि मग ती घासायची. टॉल्किनने हेच केलं. 'झाड' या अर्थाचा मूळ शब्द 'गलदा'. त्याने रचलेल्या क्वेन्या भाषेत आरंभीचा 'ग' गळून, मधला स्वर दबून त्याचा 'आल्दा' झाला, सिंदारिनमध्ये 'गालाध'. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत हे वाचकाला सांगावं लागत नाही, कानाला पुसट जाणवतं.

सध्याच्या नाटकातल्या टोळीच्या जुन्या भाषेत 'काल' म्हणजे दगड आणि अनेकवचनाला शेवटी 'ई': 'काली'. पहिला नियम असा की पुढच्या 'ई'मुळे आधीचा 'आ' 'ए' होतो: 'केली'. दुसरा, शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो: 'केल'. एक दगड 'काल', अनेक दगड 'केल'. नटांना हे पाठ करावं लागतं, पण एकदा बसलं की 'माद'चं अनेकवचन 'मेद' ते न विचारता म्हणतात.

नियमांचा क्रम उलटा केला तर सगळा खेळ फसतो: शेवटचा 'ई' आधीच गळाला तर 'आ'ला बदलायला कारणच उरत नाही. नियमही मोजकेच बरे. जास्त घासलं की शब्द एकमेकांसारखे होतात. 'बेर', म्हणजे होडी, अशीच अडकली. तिच्यात मुळातच 'ए', त्यामुळे एक होडीही 'बेर' आणि अनेकही 'बेर'. दिग्दर्शक म्हणाले, शब्द बदलून टाका. मी नाही बदलला. खऱ्या बोलणाऱ्यांनी अशा वेळी काहीतरी युक्ती काढली असती, म्हणून टोळीला 'मू' दिला: 'बेर मू', पुष्कळ होड्या. आता तरुण पात्रं सवयीने 'केल मू' म्हणतात, अनेकवचनावर आणखी अनेकवचन, आणि टोळीची म्हातारी दुसऱ्या अंकात त्यांच्यावर खेकसते.