जुन्नरचा पगार कोण देतं?

जुन्नर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि पावसाळ्यात नाणेघाट. शनिवारी पहाटे निघायचं, शिवजन्मस्थानी डोकं टेकवायचं, मिसळ हाणायची, मेमरी कार्ड भरेपर्यंत फोटो काढायचे आणि रविवारी रात्री चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या घालत घरी. सोमवारी पुन्हा तोच डेस्क, तीच मशिनची कॉफी!

पण शेजारच्या डेस्कवर बसणारा एखादा मंचरचा नाहीतर ओतूरचा असतोच. एवढं पाणी, एवढी हिरवाई सोडून तो इथे दहा बाय दहाच्या खोलीत का राहतो? हाच प्रश्न खिशात टाकून यावेळी जुन्नर-आंबेगावला जा. ट्रिप एकदम वेगळी होते.

दोन हजार वर्षांपूर्वीचा टोलनाका

सुरुवात नाणेघाटापासून करा. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच खिंडीतून घाटावर यायचा. माथ्यावर एक भलामोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. म्हणजे आपला टोलनाकाच, फक्त फास्टॅग नव्हता.

जुन्नरच्या आसपास दोनशेहून जास्त लेणी आहेत. त्यांतले शिलालेख वाचले तर थेट त्या काळची एम्प्लॉयर्सची यादी मिळते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिलेलं लेणं, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना, आणि थोडीफार बँकसुद्धा. तिच्याकडे ठेव ठेवायची आणि उत्पन्नातून धर्मकार्य चालवायचं. पुढे पेशवाईत जुन्नरी कागदाचं नाव झालं. म्हणजे हे गाव नुसतं शेतीवर कधीच जगलेलं नाही.

वीस किलोचा जुगार

आता नारायणगावला या. सीझनमध्ये टोमॅटो मार्केटला जा आणि गाडी लांबच लावा, कारण पिकअपची रांग तुम्हाला आत शिरू देणार नाही. साधारण वीस किलोचा एक क्रेट, असे हजारो क्रेट. परराज्यातले व्यापारी, हमाल, तोलणारे, ट्रकवाले, चहावाले... एका लाल फळाभोवती सगळं गाव फिरत असतं.

पण या एम्प्लॉयरकडे फिक्स पगार नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव इतका पडला होता की तोडणीचा खर्चही निघेना, काहींनी माल रस्त्यावर ओतला. त्याच वर्षी जुलैत क्रेटला दोन हजारांवर भाव गेला आणि लखपती-करोडपती शेतकऱ्यांच्या बातम्या टीव्हीवर झळकल्या. तुमचं अप्रेझल एकदा शून्य आणि दोन महिन्यांनी दहापट आलं तर? होमलोनचा हप्ता कशाच्या भरवशावर भराल? शेजारच्या डेस्कवाल्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

ऊस, दूध आणि तिसरा भिडू

डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा. कुकडी प्रकल्पाच्या या पाच धरणांनी दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग बदलून टाकला. तालुक्याला नाव देणारं आंबेगाव मात्र डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. पाणी आलं तसा ऊस आला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात पारगावला भीमाशंकर, असे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. जोडीला दूध. १९९२ साली मंचरला सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्सचं गोवर्धन तूप तुमच्या घरात असेल, आणि पिझ्झ्यावर ‘गो’ चीजही.

उसाबरोबर बिबट्याही आला. दाट सावली, जवळच पाणी, खायला कुत्री आणि शेळ्या. त्याला आणखी काय हवं? उसातच पिल्लं होऊ लागली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, तोडणीत सापडलेली पिल्लं आईपर्यंत परत पोचवायचे प्रयत्न होतात. ऐकायला गोड वाटतं. पण शेतीची वीज रात्री येते तेव्हा पाणी द्यायला अंधारात उसात शिरणारा माणूस आणि फडाशेजारी कोपीत झोपलेली ऊसतोड मजुरांची पोरं आठवा. दिवसा वीज द्या, ही इथली मागणी ऐषआरामासाठी नाही, जिवासाठी आहे.

‘शू... आवाज नको!’

सगळ्यात भन्नाट शेजारी खोडदला. जीएमआरटी! प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण जगातल्या शास्त्रज्ञांना इथे खेचून आणते.

पण अंतराळातून येणारे क्षीण रेडिओ संदेश पकडायचे तर आजूबाजूला विजेचा, यंत्रांचा गोंगाट चालत नाही. म्हणून या परिसरात उद्योगांवर निर्बंध आहेत. चाकणपर्यंत धडाधड आलेली कारखानदारी पुढे सरकत नाही, त्यामागचं हे एक कारण. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्गही दुर्बिणीपाशी अडला. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून अहिल्यानगर-शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे केला.

विश्वाचा आवाज ऐकायचा म्हणून गावातल्या पोरांनी गप्प बसायचं का? की ही शांतता आहे म्हणूनच इथे द्राक्षाचे मळे उरलेत, नाहीतर तेही पत्र्याच्या शेडखाली गेले असते? मला दोन्ही बाजू पटतात. पण अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोराला चाकण किंवा हिंजवडीचीच बस पकडावी लागते, हेही खरं.

सुपारी फुटली!

गुढीपाडव्याच्या सुमाराला आलात तर नारायणगावात तमाशाच्या राहुट्या दिसतील. गावोगावचे पुढारी येतात, बिदागीवर घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. एका फडावर कलावंतांपासून तंबू ठोकणाऱ्यांपर्यंत कितीतरी चुली चालतात.

आणि पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, महादेव कोळ्यांच्या वाड्यांमध्ये हिरडा हेच उन्हाळ्यातलं नगद पीक. झाडावर चढायचं, बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा आणि व्यापारी सांगेल तो भाव घ्यायचा. तिथे कारखाना नाही, दुर्बीण नाही आणि धरणाचं पाणीही बहुतेक खालीच वाहून जातं.

२०१८ मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं. म्हणजे आता एम्प्लॉयर्सच्या यादीत एक नाव वाढलंय. तुमचं! तेव्हा पुढच्या वेळी डबा-चिप्स पुण्यातून भरून नेऊ नका. जेवण गावातल्या घरी, द्राक्षं थेट मळ्यातून. आणि सोमवारी शेजारच्या डेस्कवाल्याला आवर्जून विचारा, यंदा घरी टोमॅटोला काय भाव मिळाला?

जाताय?
पुण्याहून नाशिक हायवेने मंचर, नारायणगाव आणि डावीकडे जुन्नर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला जीएमआरटी सर्वांसाठी खुलं असतं, तारखा आधी बघून घ्या. तिथे मोबाइल बंद ठेवायचा. एक दिवस जमेल की!