कोहळ्याची वाकडी पानं

यंदा मृगात आजीच्या कोहळ्याच्या आठ बिया लावल्या. सहा उगवल्या आणि सहाही वाकड्या!

आधी पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा. तुम्ही ज्याला लाल भोपळा म्हणता, ते आमच्या वऱ्हाडात कोहळं. पेठ्याचा पांढरा कोहळा तो वेगळा. आमचं शिरपूर जैन बाहेरच्यांना अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे माहीत असतं, पण आमच्या घरच्यांना शिरपूर म्हटलं की आठवतात आजीच्या हातचे कोहळ्याचे बोंडे. आजी गेली दोन वर्षांपूर्वी. तिने राख लावून फडक्यात बांधून ठेवलेल्या बियांपैकी एवढ्याच आठ उरल्या होत्या. शिवाय निम्म्या नातेवाईकांनी "आम्हालाही बिया दे" म्हणून आधीच नंबर लावलेला. त्यामुळे रोपं वाकडी दिसली तेव्हा पोटात गोळाच आला.

काकूने बघितल्याबरोबर निकाल दिला. "ह्या येलाचं काही खरं नाही बाप्पा, उपटून टाक." बाबा म्हणाले, "थांब, पुढचं पान येऊ दे." ह्या दोन सल्ल्यांच्या मधे मी आठवडाभर बसले होते, सकाळ-संध्याकाळ पानं उलटीपालटी करत.

तर त्यातून कळलेलं थोडं सांगते.

तीन रोपांची अगदी पहिली दोन जाड पानं फाटकी होती. ही खरी पानंच नव्हेत, ती बीजदलं. बीच्या आतच ती तयार असतात. कोंब बाहेर येताना देठाच्या बुडाशी एक छोटी खुंटी तयार होते, ती बीच्या टरफलाला खाली दाबून धरते आणि बीजदलं वर सुटतात. डार्विनने १८८० सालच्या वनस्पतींच्या हालचालींवरच्या पुस्तकात ह्या खुंटीचं वर्णन केलंय. पण ह्यासाठी वरून मातीचा दाब लागतो. आमच्याकडे पहिल्याच सरीने वरची माती वाहून गेली आणि टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकून राहिलं. त्यात अडकून बीजदलं फाटली. एवढंच! तिन्ही रोपांचं पुढचं खरं पान ठणठणीत आलं.

दोन रोपांची बीजदलं छान, पण पहिलं खरं पान चुरगाळलेलं. मुंग्यांची ये-जा दिसली म्हणून पान उलटलं, तर शेंड्यात मावा. कोवळ्या शेंड्यातला रस शोषला की पान उघडतं तेच मुडपलेलं. पाण्याने धुतलं, मग पातळ साबणाचं पाणी मारलं, दोन-तीन दिवस सलग. पाचव्या दिवशीचं पान सरळ!

खरा प्रश्न सहाव्याचा. कुंपणाजवळचं हे रोप. त्याचं पान अरुंद, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, कडा पंख्यासारखी, देठ पिळलेला. दुसरं पानही तसंच. विषाणूरोग असेल तर तो माव्यामार्फत बाकीच्या पाचांनाही लागणार. काही विषाणू तर बियांतूनही पुढे जातात, आणि मला बिया वाटायच्या होत्या. म्हणजे काकूचंच ऐकायला हवं होतं. हात लावलाही होता मी रोपाला...

मग सहज कुंपणाखाली नजर गेली. तिथलं गाजरगवतही तसंच पिळवटलेलं, आणि शेजारी साधं गवत मात्र मजेत डोलतंय. एकच विषाणू कोहळ्याला आणि गाजरगवताला एकदम कसा धरेल? रुंद पानाची झाडं वेडीवाकडी आणि गवत शाबूत, हे २,४-डी जातीच्या तणनाशकाचं काम. पलीकडच्या वावरात विचारलं. "धुऱ्यावर मारलं होतं, वारा होता जरासा." कोहळं-काकडीच्या कुळाला ह्या औषधाचा नुसता वास पुरतो म्हणा ना!

तरी शेणखताचा संशय होताच. २००८ साली इंग्लंडमध्ये अशाच एका तणनाशकाने घरोघरच्या भाज्या वाकड्या झाल्या होत्या. ते औषध गवतातून गुरांच्या पोटात आणि तिथून जसंच्या तसं शेणखतात आलं होतं. म्हणून एका कुंडीत आमचं खत घातलेली माती, दुसरीत लांबून आणलेली कोरी माती घेतली आणि दोन्हींत घेवडा पेरला. घेवड्याला असं औषध चटकन कळतं. दोन्हींकडे पानं सारखी, सरळ. म्हणजे आलं ते वाऱ्यावरूनच.

वाऱ्यावरून एकदा आलेला मार संसर्गाने पसरत नाही आणि पुढच्या पिढीत उतरतही नाही. सहावं रोप ठेवलंय. तिसरं पान अजून थोडं आखडलेलं आहे, चौथं बरंच मोकळं.

मला वाटतं, वाकडं पान म्हणजे आधी होऊन गेलेल्या गोष्टीचा व्रण. ते परत सरळ होत नाही, त्याच्याकडे बघून रोपाचा निकाल लावण्यात अर्थ नाही. विचारायचं ते पुढच्या पानाला. पुढचंही वाकडं, वर पिवळे-हिरवे डाग, आणि शेजारच्या कोहळ्यांनाही तेच सुरू झालं, तर मात्र माया न दाखवता उपटावं. काकू चुकीची नव्हती, तिला फक्त घाई होती.

असो. दिवाळीच्या सुमारास फळं पिकतील. अकोला, नागपूर, पुणे, सगळ्यांनी पत्ते कळवून ठेवा. आणि उद्या तुमच्याकडे पहिलं पान वाकडं आलं, तर मला फोन करण्याआधी दुसरं येईपर्यंत थांबा बरं का.