घुरवा आधी, बारी नंतर

छत्तीसगडमधल्या भनपुरीत राहणाऱ्याला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. बिलासपूर रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, आजूबाजूला कारखाने, पलीकडे उरला आणि सिलतराचे लोखंडाचे प्रकल्प. गच्चीवर वाळत घातलेले कपडे झटकले की हाताला काळी पूड लागते. इथे पाच वर्षांच्या लेकीबरोबर भाजी लावायची, तर आधी मातीचा विचार करावा लागतो. ती मातीत खेळणार आणि तीच बोटं तोंडात घालणार.

शिशासारखा जड धातू मातीत एकदा मुरला की सहज निघत नाही. पालेभाज्यांत आणि कंदमुळांत तो जास्त येतो, फळभाज्यांत कमी. शिवाय पानांवर धूळ बसते ती वेगळीच. मुलांना पहिल्यांदा मेथी लावायला द्या, चार दिवसांत उगवते, असं सगळे सांगतात. अशा रस्त्यालगत मी ते सांगणार नाही. घरामागच्या जमिनीला हात न लावता आम्ही विटांचा उंच वाफा बांधला, गावाकडची माती मागवली आणि भेंडी, बरबटी म्हणजे आपली चवळी, आणि दुधी ठरवला.

पण शेजारच्या काकींनी लेकीला थांबवलं. "पहिली घुरवा बना नोनी, तेखर पाछू बारी." छत्तीसगडच्या खेड्यात घरामागे बारी असते, म्हणजे आपली परसबाग, आणि जवळच घुरवा, शेणाकचऱ्याचा उकिरडा. राज्य सरकारनेही 2019 साली 'नरवा, गरवा, घुरवा, बारी' अशी योजना आणली होती. नाले, गुरं, खत आणि परसबाग एका सूत्रात गुंफायची ती कल्पना मला अजूनही पटते.

मग उन्हाळाभर आमचा घुरवाच चालला. भाज्यांची सालं, कडुनिंबाचा पाला, शेण, वर पाण्याचा शिपका. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, पण थोडाच आणि शेणात कालवून. ताजा भुसा थेट वाफ्यात मिसळला, तर तो कुजवणारे सूक्ष्म जीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. काकींनी ढीग उकरून लेकीला आत हात घालायला लावला. आत चांगलंच गरम होतं. त्या सूक्ष्म जीवांचं काम जोरात चालू असलं की अशी ऊब निघते, हे मी तिला सांगितलं. मग रोज सकाळी 'ताप' बघायला ती धावू लागली.

आपण मुलांना अंकुर कौतुकाने दाखवतो आणि कुजणं मात्र "शी, हात लावू नकोस" म्हणून दूर ठेवतो. अर्धीच गोष्ट सांगतो आपण. भाताचा काळसर लगदा झाला, दुधीचं साल दिसेनासं झालं, कांद्याची टरफलं मात्र बरेच दिवस तशीच राहिली, हे सगळं लेकीने स्वतः पाहिलं. काय 'जातं' आणि काय 'राहतं', अशी तिची वाटणी सुरू झाली. गोळीचं वेष्टन राहतं. अंड्याचं कवच फार हळू जातं. मग एक दिवस गच्चीवरची काळी पूड मुठीत घेऊन तिने विचारलं, "आई, ही टाकू घुरव्यात? हिची माती होईल ना?"

नाही होत, म्हणाले. ती कुजत नाही. मग ती कुठे जाते, या प्रश्नावर मी तिला खरं तेच सांगितलं: पानांवर, पाण्यात, आपल्या श्वासात. पाच वर्षांच्या मुलीला हे सांगावं का, असं घरात विचारलं गेलं. सांगावं. ज्या जागी ती वाढते आहे, ती जागा तिला ठाऊक हवी.

जूनच्या मध्यावर पाऊस आला आणि बी पेरलं. दुधीची फुलं संध्याकाळकडे उमलतात, म्हणून दिवेलागणीला आम्ही नर फुलाचे पराग मादी फुलावर टेकवतो. मादी फूल ओळखायला सोपं, देठाशी इवलासा दुधी असतो. लेक माझ्याआधी शोधते. तोडलेलं फळ नळाखाली चोळून धुण्याचं कामही तिचंच.

आता काकींना कुंपणावर सेमी, म्हणजे आपला वाल चढवायचा आहे. बी त्यांनी राखून ठेवलंय. खत चाळायला मात्र मला मनाई आहे. ते लेक चाळणार, कारण घुरवा तिचा आहे.